इंग्रजीत 'मोठा' कसा म्हणायचा: 'बिग' आणि त्याची भावंडं

वाईला मी संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेत असे. पसरणीचा घाट चढून रोज पांचगणीला एका लॉजवर कामाला जाणारा एक मुलगा त्या वर्गात होता. जुलै महिना होता. परदेशातून आलेले एक आजोबा दुसऱ्या दिवशी टेबललँडवर फिरायला निघणार होते. या मुलाने त्यांना काळजीने सांगितलं, 'सर, टुमॉरो बिग रेन, बिग विंड.' आजोबांना कळलं. ते म्हणाले, 'ओह, हेवी रेन?' आणि त्यांनी बेत बदलला.

काम झालं होतं, पण मुलगा वर्गात येऊन मला विचारू लागला, "मोठा म्हणजे बिगच ना? मग ते हेवी का म्हणाले? पाऊस काय जड असतो?"

हा प्रश्न ज्याला पडला, त्याचं इंग्रजी सुधारायला लागलं असं मी समजते. शाळेत आपण 'बिग म्हणजे मोठा' असं घोकलं आणि तेवढ्यावर थांबलो. मराठीतला 'मोठा' मात्र फार ऐसपैस शब्द आहे. पाऊस मोठा, आवाज मोठा, भाऊ मोठा, मन मोठं, दिवस मोठा, माणूस मोठा. इंग्रजी या प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द वापरते. तो कसा शोधायचा, ते मी वर्गात ज्या क्रमाने शिकवते त्याच क्रमाने सांगते.

आधी मराठीतलं वाक्य नीट करा

इंग्रजीकडे वळण्याआधी वहीत मराठी वाक्य लिहा आणि त्यातला 'मोठा' खोडा. त्या जागी दुसरा नेमका मराठी शब्द बसतो का ते पाहा. 'मोठा पाऊस' म्हणजे जोराचा पाऊस. 'मोठा भाऊ' म्हणजे थोरला भाऊ. 'उन्हाळ्यात दिवस मोठा असतो' म्हणजे लांब असतो. 'मोठ्याने वाच' म्हणजे मोकळ्या, खणखणीत आवाजात वाच. 'मोठा रस्ता' म्हणजे कधी रुंद रस्ता, तर कधी गावातला मुख्य रस्ता. 'मोठी रजा' म्हणजे लांबलेली रजा.

एवढं केलंत की निम्मं काम होतं. थोरल्यासाठी 'एल्डर', लांबसाठी 'लाँग', रुंदसाठी 'वाइड', मुख्यसाठी 'मेन', मोठ्या आवाजासाठी 'लाउड'. उन्हाळ्याबद्दल बोलताना 'समर डेज आर लाँग' म्हणायचं. 'बिग डे' म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल की तुमच्या घरी लग्न आहे किंवा तुमचा निकाल लागणार आहे, कारण इंग्रजीत 'बिग डे' म्हणजे महत्त्वाचा दिवस.

मग क्रियापद विचारा

ही युक्ती मी कुठे वाचलेली नाही, शिकवता शिकवता सापडली. ज्या गोष्टीला तुम्ही 'मोठी' किंवा 'खूप' म्हणता आहात, ती मराठीत काय करते? चढते, कोसळते की ढकलते?

मराठीत ताप चढतो. पारा चढतो, भाव चढतात, रक्तदाब चढतो, अपेक्षा उंचावतात. जे चढतं त्याला इंग्रजीत बहुतेक वेळा 'हाय' लागतं: 'हाय फीव्हर', 'हाय टेंपरेचर', 'हाय प्राइस', 'हाय ब्लड प्रेशर', 'हाय एक्स्पेक्टेशन्स'. वेग वाढतो तेव्हाही 'हाय स्पीड'. दोन्ही भाषांनी इथे एकच चित्र पाहिलं आहे, शिडीवर वर सरकणाऱ्या आकड्याचं. म्हणून हे शब्द पाठ करावे लागत नाहीत, एकदा चित्र दिसलं की पुरतं.

पाऊस कोसळतो. कामाचा बोजा पडतो, दंड बसतो, नुकसान अंगावर येतं. जे वरून पडतं किंवा अंगावर बसतं त्याला 'हेवी': 'हेवी रेन', 'हेवी स्नो', 'हेवी वर्कलोड', 'हेवी फाइन', 'हेवी लॉसेस'. रस्त्यावरची गर्दीही इंग्रजीत जडच असते, 'हेवी ट्रॅफिक'. पाऊस जड असतो का, या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. आपणही 'पावसाचा मारा' म्हणतोच की. इंग्रजीने त्या माऱ्याचं वजन पाहिलं.

वारा ढकलतो, पाण्याची ओढ खेचते. जे ढकलतं किंवा खेचतं त्याला 'स्ट्राँग': 'स्ट्राँग विंड', 'स्ट्राँग करंट'. कडक चहासुद्धा 'स्ट्राँग टी'. हवामानाच्या बातम्यांत 'हाय विंड्स' असंही ऐकाल, तेही बरोबर आहे, पण सुरुवातीला 'स्ट्राँग' पक्कं करा.

आवाजाबाबत मात्र ही युक्ती फसवते. मराठीत आवाज चढतो, म्हणून 'हाय व्हॉइस' म्हणाल तर अर्थ होईल वरच्या पट्टीतला, बारीक आवाज. मोठा आवाज 'लाउड'च. दाट धुक्याला 'थिक' किंवा 'डेन्स', आणि दाट केसांनाही 'थिक'. या दोन-तीन जोड्या सरळ पाठ करून टाका.

आता उरलेला खरा 'मोठा': बिग, लार्ज की ग्रेट?

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

घर, पिशवी, झाड, कुत्रा, डोळे अशा डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंसाठी 'बिग' आणि 'लार्ज' दोन्ही चालतात. 'अ बिग हाउस' घरगुती बोलणं, 'अ लार्ज हाउस' जरा कागदोपत्री. जाहिरातीत, अहवालात 'लार्ज' दिसेल. शर्टाच्या कॉलरवर एल असतो तो 'लार्ज'चा, कारण तिथे माप आहे. बारमध्ये 60 मिलिलिटरचा पेग 'लार्ज' असतो तोही त्याचमुळे.

'लार्ज'ला माप आवडतं, हे ध्यानात ठेवा. जे मोजता येतं, आकड्यात सांगता येतं, तिथे तो हवा. संख्या, रक्कम, प्रमाण, लोकसंख्या, बहुमत हे सगळे 'लार्ज': 'अ लार्ज नंबर ऑफ स्टुडंट्स', 'अ लार्ज सम ऑफ मनी', 'अ लार्ज पॉप्युलेशन'. आपल्याकडे सर्रास 'बिग क्वांटिटी' म्हणतात. ऐकणाऱ्याला कळतं, पण लिहिताना 'लार्ज क्वांटिटी' लिहा.

'बिग' हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ ताकदवान, दांडगा असा होता. तो दांडगेपणा अजून त्याच्या अंगात आहे. ज्याचा परिणाम मोठा, ज्याचा भार मनाला जाणवतो, तिथे 'बिग': 'बिग डिसिजन', 'बिग मिस्टेक', 'बिग प्रॉब्लेम', 'बिग डिफरन्स', 'बिग सरप्राइज', 'बिग न्यूज'. इथे 'लार्ज' सहसा चालत नाही. 'लार्ज मिस्टेक' ऐकलं की इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला 'धिप्पाड इमारत' ऐकल्यासारखं वाटतं.

'ग्रेट' दोन जागी लागतो. एक, जे हाताला लागत नाही, मोजता येत नाही अशा भावना आणि गुण: 'ग्रेट पेशन्स', 'ग्रेट केअर', 'ग्रेट प्लेझर', 'ग्रेट रिस्पेक्ट', 'ग्रेट डिफिकल्टी'. 'विथ बिग प्लेझर' असं आमंत्रणपत्रिकेवर छापलेलं मी पाहिलं आहे. तिथे 'ग्रेट' हवं होतं.

दुसरी जागा जुन्या नावांची. 'ग्रेट'चा जुना अर्थ निव्वळ आकाराने मोठा असाच होता. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी नेणाऱ्या कंपनीचं नाव ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे. सोलापूरच्या नान्नजमुळे आपल्याला माहीत असलेला माळढोक इंग्रजीत 'ग्रेट इंडियन बस्टर्ड', कारण तो मीटरभर उंचीचा पक्षी आहे. ग्रेट ब्रिटनमधला 'ग्रेट'ही बढाईचा नव्हे. फ्रान्समधल्या ब्रिटनी या धाकट्या प्रदेशापासून वेगळं ओळखण्यासाठी तो लागला. आणि 'ग्रेटर मुंबई'चं मराठी आपण 'बृहन्मुंबई' केलं, ते अगदी चोख आहे.

लंडनच्या घड्याळातल्या त्या प्रसिद्ध घंटेकडे पाहिलं तर दोन शब्दांमधला फरक एका जागी दिसतो. तिचं अधिकृत नाव 'ग्रेट बेल'. लोकांनी लाडाने ठेवलेलं नाव 'बिग बेन'. कागदावर 'ग्रेट', तोंडात 'बिग'.

आज बोलण्यात मात्र 'ग्रेट' म्हटलं की पहिला अर्थ येतो उत्तम, झकास. त्यामुळे अर्थ पालटतो. 'बिग आयडिया' म्हणजे आवाका मोठा असलेली कल्पना, 'ग्रेट आयडिया' म्हणजे छान कल्पना. 'बिग डिसिजन' म्हणजे घर विकण्यासारखा गंभीर निर्णय, 'ग्रेट डिसिजन' म्हणजे योग्य, फायद्याचा निर्णय. 'बिग टीचर' म्हणाल तर बाई अंगाने थोराड आहेत असं होईल. ज्यांच्यामुळे आयुष्य घडलं त्या बाई 'ग्रेट टीचर'.

माणसांबद्दल बोलताना

'ते फार मोठे माणूस आहेत' याचं भाषांतर 'ही इज अ व्हेरी बिग मॅन' करू नका. ऐकणारा उंची आणि वजनाची कल्पना करेल. कर्तृत्वाने मोठे असतील तर 'ग्रेट मॅन', पदाने असतील तर 'अ व्हेरी इम्पॉर्टंट पर्सन', प्रसिद्धीने असतील तर 'अ बिग नेम'. शरीराने भरलेल्या माणसाला तोंडावर 'बिग' म्हणणंही टाळा. धिप्पाड, पिळदार माणसाला 'वेल-बिल्ट' म्हणावं, त्यात कौतुक आहे.

भावंडांच्या बाबतीत एक चूक मी दर वर्षी सुधारते. 'ही इज एल्डर दॅन मी' चुकीचं. 'एल्डर' नात्याच्या आधी येतो: 'माय एल्डर ब्रदर'. तुलना करायची असेल तर 'ही इज ओल्डर दॅन मी'. दादाबद्दल प्रेमाने बोलताना 'माय बिग ब्रदर' हेही अगदी गोड इंग्रजी आहे, संकोच करू नका. थोरल्या काकांना मात्र 'बिग अंकल' म्हणू नका. 'माय फादर्स एल्डर ब्रदर' असं उलगडून सांगा. आपल्या घरात काका, मामा, आत्या, मावशी वेगवेगळ्या असतात. इंग्रजीत तेवढी नाती वेगळी ठेवलेली नाहीत, म्हणून हे उलगडणं भागच आहे.

'मोठी झाल्यावर मी डॉक्टर होणार' याला 'व्हेन आय ग्रो अप'. 'व्हेन आय बिकम बिग' नाही.

मनाच्या मोठेपणाला इंग्रजीत 'बिग-हार्टेड' आहे, आणि तो आपल्या 'मोठ्या मनाचा'शी चांगला जुळतो. डोकं मोठं असेल तर मात्र 'बिग-हेडेड', म्हणजे डोक्यात हवा गेलेला. तोंड मोठं असेल, 'बिग माउथ', तर बढाया मारणारा किंवा पोटात गोष्ट न ठरणारा. 'लहान तोंडी मोठा घास' इंग्रजीत शब्दशः नेऊ नका. त्यातला नम्रपणा तिकडे पोचत नाही, उलट कोणीतरी हावरटासारखं खात असल्याचं चित्र उभं राहतं. वडीलधाऱ्यांसमोर काही सुचवायचं असेल तर सरळ 'इफ आय मे से सो' म्हणा.

'मोठा' कमी पडतो तेव्हा

मराठीत आपल्याकडे प्रचंड, अफाट, अवाढव्य, भलामोठा, टोलेजंग, अथांग, घसघशीत असे किती तरी शब्द आहेत. ते कुठेही लावले जात नाहीत. वाडा टोलेजंग, समुद्र अथांग, पैलवान धिप्पाड, रक्कम घसघशीत, पीक भरघोस. हे तुम्हाला कोणी शिकवलेलं नाही, कानाने शिकवलं. इंग्रजीतही तेच करायचं आहे, फक्त कान नव्याने तयार करायचा आहे.

'ह्यूज' हा सगळ्यात उपयोगी शब्द, वस्तू असो की फरक की यश, सगळीकडे चालतो. 'मॅसिव्ह'मध्ये वजन आहे, वस्तुमानाचा ठसा आहे. 'व्हास्ट' पसरलेल्या गोष्टींना: वाळवंट, मैदान, सागर. आपला 'अफाट' जिथे बसतो तिथे बहुधा 'व्हास्ट' बसतो. हत्तीला 'व्हास्ट' म्हणत नाहीत.

दोन शब्दांची घडण पाहा, म्हणजे ते विसरणार नाहीत. 'इमेन्स' लॅटिनमधून आला, अर्थ न मोजलेलं. म्हणजे शब्दशः आपला 'अमाप'! आणि 'एनॉर्मस'च्या पोटात 'नॉर्मा' आहे, सुताराचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. गुण्याच्या बाहेर गेलेलं ते 'एनॉर्मस'. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा दिवसभर आनंदात होते.

'जंबो'ची गोष्ट वाईट वाटायला लावणारी आहे. जंबो हा आफ्रिकेतून आणलेला एक खरा हत्ती, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात होता. 1882 मध्ये तो अमेरिकन सर्कसवाल्या बार्नमला विकला गेला. 1885 मध्ये कॅनडात रेल्वेच्या धडकेने तो मेला. त्याच्या नावाचं विशेषण मात्र जंबो जेटपासून जंबो वडापावपर्यंत पोचलं. हा शब्द माल, पाकीट, विमान यांच्यासाठीच ठेवा. 'जंबो प्रॉब्लेम' म्हणू नका. भलं मोठं काम असेल तर 'मॅमथ टास्क' म्हणतात, तो शब्दही लुप्त झालेल्या केसाळ हत्तीवरूनच आला.

आता एक नियम, जो बोलताना लगेच उपयोगी पडेल. 'व्हेरी बिग' म्हणता येतं. 'व्हेरी ह्यूज', 'व्हेरी एनॉर्मस' कानाला खटकतं, जसं मराठीत 'खूप प्रचंड' खटकतं. ज्या शब्दात 'खूप' आधीच आहे त्याला जोर द्यायचा तर 'अ‍ॅब्सोल्यूटली' लावा: 'अ‍ॅब्सोल्यूटली ह्यूज'. आणि आपला 'भलामोठा' हवा असेल तर इंग्रजीत हुबेहूब जोडशब्द आहे, 'ग्रेट बिग'. 'अ ग्रेट बिग डॉग', म्हणजे भलामोठा कुत्रा. मुलांना गोष्ट सांगताना हा फार रंगतो.

लेखी परीक्षा आणि अर्ज

आयईएल्‌टीएसच्या अ‍ॅकॅडेमिक परीक्षेत, म्हणजे परदेशी शिक्षणासाठी इंग्रजी तपासणाऱ्या परीक्षेत, लेखनाच्या पहिल्या भागात आलेख किंवा तक्ता देऊन किमान 150 शब्दांत वर्णन करायला सांगतात. तिथे 'बिग इन्क्रीज' व्याकरणाने चुकीचं नाही, पण फार घरगुती वाटतं. 'सिग्निफिकंट इन्क्रीज' किंवा 'सब्स्टँशियल इन्क्रीज' लिहा. वाढ झपाट्याने झाली असेल तर 'शार्प राइज', कारण तिथे आकारापेक्षा वेग सांगायचा आहे. बदल महत्त्वाचा असेल तर 'मेजर चेंज'. 'मेजर'ला 'मोअर' लागत नाही, 'मोअर मेजर' लिहू नका.

एवढे चार शब्द पुरतात. पानभर 'कोलॉसल', 'जायगँटिक' पेरले की लेखन फुगलेलं दिसतं, आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळतं.

दोन छोट्या गोष्टी लिहिण्याच्या. 'बिगर' आणि 'बिगेस्ट' लिहिताना 'जी' दोनदा येतो. आणि आकार रंगाच्या आधी: 'अ बिग रेड बॅग'. 'अ रेड बिग बॅग' म्हणत नाहीत. मराठीतही 'मोठी लाल पिशवी' असंच सहज येतं, त्यामुळे इथे मराठीवर विश्वास ठेवा.

रोजचा सराव

वहीचं पान उभं दुभागा. डावीकडे नाम लिहा, उजवीकडे विशेषण. बहुतेक जण उलटं करतात: 'बिग' लिहून त्यापुढे दहा समानार्थी शब्द. त्या यादीचा उपयोग होत नाही, कारण बोलताना आपल्याला आधी पाऊस दिसतो, विशेषण मागून येतं. म्हणून शब्दकोशातही 'बिग' बघण्याऐवजी 'रेन' बघा, 'मिस्टेक' बघा. चांगल्या शब्दकोशात त्या नामाखालीच त्याची नेहमीची विशेषणं उदाहरणांसकट दिलेली असतात. समानार्थी शब्दांचा कोश नंतर हातात घ्या. तो ओळखीच्या शब्दांची आठवण करून देतो, अनोळखी शब्द कुठे बसतो ते सांगत नाही.

रोज तीन जोड्या पुरे. इंग्रजी बातम्यांतलं हवामान दोन मिनिटं ऐका, पावसाळ्यात तर पाचेक जोड्या आपसूक मिळतात.

आज रात्रीसाठी सहा वाक्यं देते. आधी स्वतः करा, मग खाली पाहा. 'घाटात मोठी गर्दी होती, गाड्या हलत नव्हत्या.' 'माझी मोठी बहीण नर्स आहे.' 'त्यांनी मोठ्या कष्टाने घर बांधलं.' 'मोठ्या संख्येने लोक आले.' 'टीव्हीचा आवाज मोठा आहे.' 'मी मोठी चूक केली.'

पहिल्यात 'हेवी ट्रॅफिक', दुसऱ्यात 'एल्डर सिस्टर', तिसऱ्यात 'विथ ग्रेट डिफिकल्टी', चौथ्यात 'इन लार्ज नंबर्स', पाचव्यात 'द टीव्ही इज टू लाउड', आणि 'बिग' फक्त शेवटच्यात: 'आय मेड अ बिग मिस्टेक'. 'मेड'कडेही लक्ष द्या. चूक इंग्रजीत 'मेक' होते, 'डू' होत नाही.